आठव्या भागातली मधली सून

चाव्या बनवणारे काका एका गुप्तहेराच्या पुस्तकमालिकेत शिरले ते थेट सहाव्या भागातून. आधीचे पाच वाचनालयातून कधीच गडप झाले होते. त्यामुळे गुप्तहेर का लंगडतो, आणि फुलवालीचं नाव निघालं की गप्प का होतो, हे काकांना ठाऊक नव्हतं. काकूंना होतं, त्यांनी अख्खी मालिका लग्नाआधीच फस्त केली होती. पण विचारलं की म्हणायच्या, "उशिरा आलात ना? मग बसा मागच्या रांगेत."

काका बसत, आणि मजेत बसत. आठव्या भागात एक खून होता, तीन सुना, बंद खोली आणि उलटं चालणारं घड्याळ. चावीवर कानस फिरवतानाही त्यांच्या डोक्यात तोच गुंता. धीर सुटला की ते काकूंनाच खुनी कोण ते विचारत. काकू साळसूदपणे एक नाव सांगत आणि ते हमखास चुकीचं निघे. ही थाप ओळखायची खूण काकांना फार उशिरा सापडली. खरं असलं की काकू एका शब्दात उरकत. थाप असली की कुणी न मागितलेले पुरावे जोडत बसत.

एके दिवशी काकू आपल्या तपासणीचा निकाल आणायला दवाखान्यात एकट्याच गेल्या. दुकान कोण बघणार, म्हणून काकांना त्यांनी झटकून टाकलं होतं. परत आल्या तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि काका पुस्तकात होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही हो, साधी सूज आहे. डॉक्टर तर हसलेच. त्यांच्या बहिणीला अशीच होती, आता धडाधड जिने चढते. नर्ससुद्धा म्हणाली, उगाच आलात. आणि पंखा तरी किती गार तिथला..."

काकांनी पुस्तक मिटलं. बोट पानातच राहिलं. आणखी खोदून विचारलं असतं, तर काकूंनी आणखी एक नर्स उभी केली असती.

"बरं," ते म्हणाले, "यातली खुनी कोण?"

"मधली."

काका पुराव्याची वाट बघत राहिले. पुरावा आला नाही.

मग त्यांनी विचारलं, "आणि तो गुप्तहेर लंगडतो कशाने?"

काकूंनी दुसरं स्टूल ओढून घेतलं. "सांगते," म्हणाल्या. "पहिल्या भागापासूनच सांगते."

काकांनी उठून शटर अर्धं खाली ओढलं.