खैतानमधलं घर आणि छताखालची चादर

खैतानमधलं ते जुनं घर मामाला स्वस्तात घ्यायचं होतं. प्लास्टर, रंग, नवे नळ, की लगेच चढ्या भावाने विकायचं. कुवेतमध्ये आपल्या नावावर घर होत नाही, म्हणून कागद त्याच्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या कुवेती प्रायोजकाच्या, नावावर. मी सिव्हिल इंजिनिअर. भाची, म्हणजे फुकट.

"तू नुसती मान हलव. बोलेन मी," मामा जिन्यात म्हणाला.

"मग नंदीबैल आणायचास."

वरच्या खोलीत श्रीवर्धनचा एक म्हातारा शिंपी मशीनवर बसला होता. तो आणि आणखी काही कामगार तिथे भाड्याने राहायचे. खाटेच्या वर, छताखाली, चार कोपरे बांधून एक चादर ताणली होती. मध्ये झोळ आलेला.

"चाचा, लग्नाचा मांडव घातलात काय?" मामा हसला.

"मांडवच म्हणा. वरून अक्षता पडतात."

मी स्टुलावर चढून एक गाठ सोडली. सिमेंटचे तुकडे आणि गंजाचे पापुद्रे खाटेवर कोसळले. वर सळ्या उघड्या, फुगलेल्या. मी हात लावला तर लोखंड भुग्यासारखं हाताला लागलं. बांधताना खारट वाळू वापरली असणार.

"जाळी मारू, खाली जिप्सम लावू. दिसणार नाही," मामा म्हणाला.

"आणि खाली जो झोपेल तो?"

"तोवर विकलेलं असेल."

माझ्या सख्ख्या मामाच्या तोंडचं हे वाक्य. आवाजसुद्धा बदलला नाही त्याचा.

"हे घर घ्यायच्या लायकीचं नाही. राहायच्याही नाही," मी म्हणाले.

"तुझ्या बापाने जन्मभर युनियनची पत्रकं वाटली. तीच खाऊन वाढलीस तू."

"हो. पचलीही."

शिंपी घाबरला. "बेटी, हळू. घरमालकाने ऐकलं तर आधी आमालाच बाहेर काढील."

"चाचा, हे डोक्यात पडेल."

"पडेल तवा पडेल. खोली गेली तर आजच रस्त्यावर."

खाली कफील गाडीत एसी लावून बसला होता. काच उतरवून त्याने विचारलं, "झेन?" ठीक आहे ना?

"झेन, झेन," मामा घाईने म्हणाला.

मी गंजाने लाल झालेला पंजा खिडकीत धरला. "मू झेन." ठीक नाही. छत पडेल, हे मोडक्या अरबीत सांगितलं. त्याने माझा हात पाहिला, मामाकडे पाहिलं, काच वर केली आणि निघून गेला.

"माझ्याच मुळावर उठलीस," मामा म्हणाला. मी पुन्हा वर गेले.

शिंप्याने मशीन थांबवली नाही. "सौदा मोडलास?"

"मोडला."

"मग राहतो आमी. असल्या घरात दुसरं कोण येणार." तो स्टुलावर चढून सुटलेली गाठ बांधू लागला.

खालून मामा त्याच्या गाडीचा हॉर्न वाजवत होता. मी खाट दाराच्या तुळईखाली, त्यातल्या त्यात सुरक्षित जागी, ओढायला घेतली. जड होती, फरशीला घासून कर्कश वाजली. शिंपी स्टुलावरून बघत होता. मग उतरला आणि त्याने दुसरं टोक धरलं.