कोनंसर

कोनंसरांना 'झाले' हा शब्द चालत नसे. वाशीमला सकाळच्या विधी वर्गात ते आम्हाला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. उत्तरपत्रिकेत कोणी 'मानवी हक्कांचे उल्लंघन झाले' असे लिहिले, की त्याखाली तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द पडे, 'कोनं?' सरांचे खरे नाव मस्टरवरच राहिले. मूळचे केनवडचे. शिकवत प्रमाण मराठीत, पण हा प्रश्न मात्र घरच्या बोलीत विचारत. 'कोणी' विचारलं तर पोरं विचार करतात, 'कोनं' विचारलं तर दचकतात, असे त्यांचे म्हणणे.

हा पेपर बहुतेकांना निरुपयोगी वाटे. एकाने तर विचारलेच, "सर, वाशीमले समुद्र नाही, सीमा नाही, वकिलात नाही. मंग हे शिकाचं कायले?"

"तुह्या गावात शिपाई हाय?"

"हाय ना."

"मंग राज्य हाय. वर्दीतल्या मानसानं वर्दीच्या जोरावर केलं, तं ते देशानं केलं. वरून हुकूम नव्हता, हे त्यानं आपल्या घरी सांगाचं."

राज्याच्या जबाबदारीचे ते अख्खे प्रकरण मी त्या दोन वाक्यांवर पास झाले.

सरांची ही सवय घरात चालत नसे. एकदा आम्ही काही जण नोट्स आणायला गेलो, तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, "दूध उतू गेलं!"

"कोनं जाऊ देलं?" सर पेपरमधून मान वर न करता म्हणाले.

"राज्यानं," काकू म्हणाल्या. "गॅसपाशी उभं राहा म्हनलं व्हतं राज्याले. राज्य पेपर वाचून राह्यलं."

सर दिवसभर हसत असावेत, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात आले तेही हसतच. त्या दिवशीचा विषय होता, राज्य काही करते म्हणूनच नव्हे, तर जे करायला हवे ते करत नाही म्हणूनही जबाबदार ठरते. उदाहरण दुधाचेच.

मी वकिली केली नाही. कोर्टाजवळ अर्ज भरून देण्याचे केंद्र काढले, ते अजून चालते. सर निवृत्त झाल्यावर अधूनमधून येऊन बसत आणि माझ्या ढिगातले अर्ज न विचारता तपासत. गिऱ्हाईक खोळंबे. मी रागावले, की म्हणत, "तू घाई कर, मी चुका काढतो."

एका दुपारी ते असेच बसले असताना इंझोरीची कांता आली. तिचा नवरा गजानन परदेशात क्रेन चालवत होता. दोन महिने त्याचा फोन नव्हता. खोलीवरच्या सोबत्याने एवढेच कळवले होते, की पोलीस घेऊन गेले. मी दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाला अर्ज लिहिला : 'माझ्या पतीस अटक झाली असून संपर्क तुटला आहे.' सरांनी तो वाचला आणि पेन्सिल काढली.

"अटक कोनं केली? संपर्क कोनं तोडला?"

नवीन अर्ज त्यांनी स्वतः सांगितला. एक : अमुक देशाच्या पोलिसांनी गजाननला पकडले. दोन : परदेशी माणसाला पकडले, तर आपल्या वकिलातीला कळवायला लावण्याचा त्याचा हक्क त्याला विनाविलंब सांगावा लागतो, तो त्या देशाने सांगितला की नाही, हे मंत्रालयाने विचारावे. तीन : दोन महिने आपल्या मंत्रालयाने त्याची विचारपूस केलेली नाही.

तिसऱ्या वाक्याला कांता घाबरली. "सर, हे आपल्याच सरकारले बोलनं झालं. त्यायले राग आला तं माहा मानूस तिथंच राह्यल."

मलाही ते वाक्य काढावेसे वाटत होते. सर तिच्याकडे वळले. "बाई, ज्याचं नाव घातलं, त्याले उत्तर द्या लागते. नाव नाही घातलं, तं कागद टेबलाटेबलानं फिरते, आन तुहा मानूस आत राह्यते." तिने सही केली.

चौथ्या आठवड्यात तिला फोन आला. वकिलातीचा माणूस गजाननला भेटला होता. गजानन दवाखान्यात पडलेला असताना मालकाने 'काम सोडून पळाला' अशी तक्रार दिली होती. ती खोटी ठरायला आणखी पाच महिने गेले. सुटल्यावर तो कांताला घेऊन केंद्रात आला. हातात पेढे आणि मालकाकडून परत मिळालेला पासपोर्ट. सरांनी आयुष्यात पासपोर्ट काढला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, सुरुवातीचा मजकूर वाचला आणि गजाननला त्याच्या बोलीत सांगितला, "राष्ट्रपतीच्या नावानं सगळ्यायले सांगून राह्यले, का ह्या मानसाले अडवू नका, मोकळं फिरू द्या, आन गरज पडली तं मदत करा, सांभाळा."

"हे माह्यासाठी लिवलं हाय?"

"तुह्यासाठीच."

गजानन माझ्याकडे वळला. "ताई, पासपोर्टचा फारम तं तुमीच भरला व्हता. मंग हे जायच्या आंधी काहून नाही सांगतलं? आत मी चोरासारका खाली मान घालून बसलो. वकिलातीले बोलवा म्हनाचं, हेच मालूम नव्हतं."

इतकी वर्षे शिकवले, पण परदेशी जाणारा एकही माणूस त्या वर्गात नव्हता, असे सर जाताना पायरीवर म्हणाले.

त्यानंतर ते दर गुरुवारी येऊ लागले. पासपोर्ट हाती आला, की इथे आणून दाखवायचा, असे मी गिऱ्हाइकांना सांगून ठेवले होते. सर प्रत्येकाला तो मजकूर वाचून दाखवत आणि पकडले तर काय मागायचे ते तीनदा म्हणवून घेत. बोलताना दम लागू लागला, तेव्हा नुसते बोट ठेवत, वाचायचे मी. गेल्या पोळ्याच्या आधी सर गेले.

परवा अनसिंगची एक मुलगी आईबरोबर आली. नर्स आहे, पुढच्या महिन्यात निघते आहे. मी पासपोर्ट उघडला, वाचून दाखवले आणि तीनदा म्हणवून घेतले. मुलगी उठली. तिची आई उठेना.

"आनखी एकडाव सांगा, ताई," ती म्हणाली. "हळू सांगा. तिले धाक पडला आन ती इसरली, तं फोनवर मले सांगता आलं पाह्यजे."