धुतलेलं पाकीट

माझ्याकडे जुन्या अमेरिकन टपाल तिकिटांचा बरा संग्रह आहे, एक तिकीट सोडता सगळा मूळ पाकिटांसकट. बघायला येणारे तिकीट बघतात. मी आधी पाकिटावरचं नाव वाचतो, मोठ्यानं. घरच्यांना ती लकब वाटते. खरं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नांदेडहून लातूरकडच्या मुरुडजवळ खडी फोडायच्या कामावर हजेरी कारकून म्हणून गेलो. विशी नुकतीच ओलांडली होती. मस्टरवर मजुरांची नावं घाईत अर्धीमुर्धीच लिहायचो. एका दुपारी भाकरीच्या सुट्टीत कामावरच्या एका मावशीनं पदराआडून पाकीट काढलं. तिच्या सासऱ्याचे वडील एका अमेरिकन पादऱ्याचे घोडे राखायचे. मायदेशी परतल्यावर पादऱ्यानं त्यांना पत्र धाडलेलं. आतलं पत्र कधीच हरवलं, पाकीट राहिलं.

"गावानं जन्मभर तोडक्या नावानं हाकारलं त्यांला," ती म्हणाली. "पुरं नाव आता कुनालाच ठावं न्हाई. गोऱ्यानं मानानं लिव्हलंय म्हनं. तेवढं वाचून द्या, साहेब. नातू झालाय, त्येला तेच ठिवायचं. आता आमी बौद्ध झालो, त्येचं नाव तरी पुरं असावं."

"उद्या देतो," म्हणालो. माझी नजर तिकिटावर होती.

नांदेडात आम्हा पोरांना एवढंच माहीत, तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं. पाकिटासकटच त्याचं मोल असतं, हे फार उशिरा कळलं. त्या रात्री वाट्याला आलेल्या तांब्याभर पाण्यातलं निम्मं मी ताटलीत ओतलं. तिकीट सुटलं. शाईही सुटली. पाणी जांभळं झालं आणि पाकीट कोरं.

"अक्षरं उडालीत, मावशी," दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"काल तर व्हती की."

"जुनी शाई ती. राहत नाही."

"आन् तिकीट?"

"गळलं असेल."

पाकीट वाळून पापडासारखं वाकलं होतं. तिनं ते उजेडाला धरलं, मग माझ्याकडं पाहिलं. पाकीट परत पदराआड ठेवलं. तिची हजेरी माझ्या हातात होती.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला आणि माझी बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली. कसल्याशा दाखल्यासाठी ती माझ्याच टेबलाशी आली.

"लई मोठी कचेरी झाली की तुमची!" मग हळूच, "साहेब, त्या नावातलं एखादं अक्षर तरी याद हाय का?"

"नाही हो. नातवाचं काय ठेवलं?"

"ठिवलं कायबाय. खरं ऱ्हायलंच."

तिला वाटायचं, मी वाचलं आणि विसरलो. मी ते वाचलंच नव्हतं. दुपारपासून रात्रीपर्यंत खिशात होतं, तरी वाचलं नव्हतं.

ते तिकीट अजून माझ्याकडे आहे. कडेला जांभळ्या शाईचा केसाएवढा फराटा उरलाय, कुठल्यातरी अक्षराची शेपटी. मावशी गेल्याचं कळलं. उद्या तिकीट घेऊन मुरुडला निघालोय. नातू आता तिशीचा असेल. दारात उभं राहून त्याला कोणत्या नावानं हाक मारायची, तेवढंच सुचत नाही.