पाठीला भोपळा बांधून

आमची थोरली मुलगी झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सोलापुरात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होते. नांगर सोडून खडू हातात घेतलेले त्यांच्या घराण्यातले ते पहिलेच, म्हणून सासूबाईंना त्यांचं कोण कौतुक! माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, शेकशेगडी केली, अंग चोळायला बाई लावली. मुलगी चांगली गुटगुटीत होती. कशात म्हणजे कशात कमी नव्हतं, आणि तरी मला काहीतरी झालं.

काय झालं ते तेव्हा सांगता येत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणीतरी जातं आणून ठेवलंय असं वाटायचं. मुलगी रडली की मी तिच्याकडे परक्याच्या मुलीकडे बघावं तशी बघायचे. तिला पाजायचे, दुपटी बदलायचे, पण ते सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी हातांनी चाललंय असं वाटे. वेणी घालायला हात वर उचलणंही जिवावर येई. "पहिली मुलगी झाली म्हणून खट्टू झालीय," असं येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणत. ते खरं नव्हतं. मला वाईट वाटत असतं तर बरं झालं असतं. मला काहीच वाटत नव्हतं. मग अंगारा लावून झाला, लिंबू उतरून झालं.

वाड्याच्या चौकात आड होता. एका दुपारी मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. आत गार होतं, आवाज नव्हता. तिथं खाली जाऊन गप्प बसावं असं मनात आलं, हे कशाला लपवू? किती वेळ उभी होते कोण जाणे. सासूबाईंनी मागून येऊन माझा दंड धरला. मग आम्ही दोघी तिथंच फरशीवर बसून रडलो.

त्या संध्याकाळी आडावर जाड फळी पडली आणि माझ्यावर पहारा बसला. मी न्हाणीत गेले तरी सासूबाई दाराबाहेरून विचारायच्या, "हायेस नव्हं?"

"आहे," मी आतून म्हणायची.

जरा पाणी ओतून होतंय तोवर पुन्हा, "हायेस नव्हं?"

आज मला याचं हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

यांनी मला दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. हे सांगायला लागले तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या." मी फार थोडं बोलले, पण आडाचं सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले नाहीत की मला दटावलं नाही. म्हणाल्या, "बाळंतपणानंतर काही बायकांचं असं होतं. अंगाला ताप येतो तसं मन आजारी पडतं. यात तुमचा दोष नाही. बरं होतं, पण वेळ लागतो. एकटं राहायचं नाही. खायचं, झोपायचं, उन्हात हिंडायचं. आणि मनात येईल ते कुणाला तरी सांगायचं, कितीही वाईट असलं तरी." टांग्यातून घरी येताना मी 'तुमचा दोष नाही' एवढंच मनात घोळवत होते.

पुढच्याच आठवड्यात यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, भाचीला बघायला आल्या. त्या मोडनिंबजवळच्या एका खेड्यात दिलेल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या रानातली बैलं मान वर करतील. यांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चौकात जाऊन फळीकडे बघत उभ्या राहिल्या.

"आशी राखण करून माणूस बरं हुतंय व्हय? मी नेते हिला माज्याकडं."

सासूबाई दचकल्या. "अगं, तुमच्या मळ्यात केवढी मोठी हीर हाय!"

"हाय की. म्हणूनच नेते. पवायला शिकवते तिला."

सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. हे माझ्याकडे वळले. "तुला जायचंय का?"

कितीतरी दिवसांत मला काय हवंय ते कुणी विचारलं नव्हतं. मी "जाते" म्हणाले. खरं सांगायचं तर 'नको' म्हणून त्याचं कारण सांगत बसण्यापेक्षा 'जाते' म्हणणं सोपं होतं.

कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून आम्ही छोट्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी रमतगमत चालली होती की वन्संनी खिडकीतून एका ओळखीच्या म्हातारीशी तिच्या सुनेची सगळी चौकशी उरकून घेतली. मुलगी त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती.

घरी पोचल्यावर वन्संनी मला पहिल्याच दिवशी एक नेम घालून दिला. मी विचारलं होतं, "सकाळी उठल्या उठल्या रडू आलं तर काय करू?"

"रड की. पर आदी तोंड धू, भाकरी-दूध खा, मग रड. रिकाम्या पोटी रडू नगं."

आणि गंमत म्हणजे तोंड धुऊन, खाऊन रडायला बसलं की बऱ्याचदा रडू निम्म्यावर आलेलं असायचं. दुसरा नेम संध्याकाळचा. दिवे लावायच्या आधी वन्सं विचारायच्या, "आज कुटपातुर?" माझ्या मनातल्या उदासीला त्या 'काळं पाणी' म्हणत; ते आज कुठपर्यंत चढलंय, असं त्यांना विचारायचं असे. मी बोलायचं नाही, नुसता हात लावून दाखवायचा: घोट्याला, कमरेला, गळ्याला. मला शब्द सापडत नसत, पण हात बरोबर जागेवर जायचा. गळा दाखवला की त्या दिवशी माझं अंथरूण वन्संच्या शेजारी पडे. त्यावर कुणी चर्चा करत नसे.

विहीर मळ्यात होती. दगडी बांधणीची, पाण्यापर्यंत पायऱ्या असलेली. दुपारी मोट सुटली, बैल झाडाखाली बांधले आणि गडीमाणसं जेवायला गेली की ती बायकांची. वन्संची धाकटी जाऊ माझ्या मुलीला झोळीत घालून वर कडुलिंबाखाली बसे. पहिल्या दिवशी वन्सं मला हाताला धरून पायऱ्या उतरल्या आणि म्हणाल्या, "आज पवायचं न्हाय. नुसतं पाय सोडून बस."

मी बसले. भीती वाटत होती, पण पाण्याची नाही. मला माझीच भीती वाटत होती. ते मी वन्संना सांगून टाकलं. त्यांनी माझ्या कमरेभोवती हात घातला आणि म्हणाल्या, "ठावं हाय मला. म्हणून तर मी हितं बसलीया."

तेवढ्यात माझ्या पायांना काहीतरी झालं. खाली बघते तर बोटाएवढे मासे गोळा झालेले आणि तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत लुचतायत. इतक्या गुदगुल्या झाल्या की मी ओरडले आणि ओरडता ओरडता हसले. दगडी विहिरीत ते हसू केवढं मोठं झालं!

वन्संनी वर तोंड करून हाळी दिली, "हसली गं, हसली!"

धाकटी जाऊ मुलीला छातीशी धरून धावत काठाशी आली. "कोण पडलं?"

"पडलं न्हाय! हसली!" म्हणत वन्सं पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली. साडीचा काष्टा घट्ट मारायचा, पदर कमरेला खोचायचा आणि पाठीला दोन वाळके भोपळे बांधायचे. भोपळे माझ्यापेक्षा हट्टी. जरा दोरी सैल झाली की ते कमरेच्या खाली घसरत. मग माझं डोकं पाण्यात आणि बाकीची मी वर. वन्सं पायरीवर बसून पोट धरून हसायच्या आणि मग उडी टाकून मला सरळ करायच्या. "पाय मार! पाय! लाथा झाडल्यावानी मार!" मी नाकातोंडात पाणी घेत लाथा झाडायची. घरी येईतो भूक अशी लागलेली असे की ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगाची चटणी आणि कांदा मला पक्वान्नासारखा लागायचा. रात्री पडल्या पडल्या झोप लागे. झोप म्हणजे काय असते ते मी विसरूनच गेले होते.

मी रोज थोडी थोडी बरी होत गेले असं मात्र नाही. मध्येच एके दिवशी सकाळी पुन्हा छातीवर जातं. मी उठले नाही. मला वाटलं, सगळं वाया गेलं. वन्सं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन माझ्या अंथरुणाशेजारी येऊन बसल्या आणि फोडायला लागल्या. दुपारपर्यंत सूप निम्मं झालं. मग म्हणाल्या, "पाऊसपाणी असतंय तसं हाय ह्ये. आलं म्हणजे माज्या हातनं काय चुकलं, असं म्हणत बसू नगं." मी पडल्या पडल्याच हात लांब करून एक शेंग उचलली आणि फोडली. त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच झालं. त्यांनी तेवढंच पुरे मानलं.

भोपळा सुटला त्याची कथा तर अशी. तोवर माझ्या पाठीला एकच भोपळा उरला होता. मी या काठाहून त्या काठाला चालले होते. तेवढ्यात माझ्या तोंडासमोरून भोपळ्याची एक खाप तरंगत गेली.

"वन्सं, हे कुणाचं?"

"तुजंच की!"

मघाशी कडेला पाठ घासली तेव्हा भोपळा दगडावर फुटला होता आणि मला पत्ताच नव्हता. ते कळल्याबरोबर मी घाबरून दोन गटांगळ्या खाल्ल्या. पण पाय आपोआप हलत होते. मी पायरीला लागले, भिजलेल्या केसांनी वर चढून आले. मुलगी झोळीतून बघत होती. माझ्या केसांतलं पाणी तिच्या गालावर टपकलं, तिनं तोंड वेंगाडलं, मला वाटलं आता रडणार, आणि ती बोळकं उघडून हसली. मी तिला ओल्या अंगानंच उचललं. 'ही माझी', एवढंच मनात आलं. ज्याची मी महिनोन्‌महिने वाट पाहत होते ते असं ओल्या लुगड्यात, उन्हात उभी असताना आलं. धाकटी जाऊ ओरडत होती, "अवो, पोरगी भिजली!" भिजू दे म्हटलं.

रविवारी हे आम्हाला न्यायला आले. परीटघडीचं धोतर, कोट, डोक्याला टोपी. वन्संनी त्यांना विहिरीच्या काठाशी उभं केलं आणि मला डोळ्यांनी खुणावलं. मी लांबून पळत आले, गुडघे पोटाशी घेतले आणि मुटका मारला. पाणी असं उडालं की मास्तर नखशिखांत न्हाले आणि दचकून मागे सरताना त्यांची टोपी विहिरीत पडली. मी पोहत जाऊन टोपी आणली आणि पायरीवर उभी राहून त्यांच्या हातात दिली. ते ओले गच्च होऊन हसत होते.

"आक्का, हिला हे तू शिकवलंस?"

"निम्मं मी. निम्मं माशांनी."

सोलापुरात परतल्यावर मोठा प्रश्न, पोहायचं कुठं? शेजारी एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. त्या घरची बाई मला 'चेल्ले' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिच्या मराठीत आणि माझ्या तेलुगूत मिळून चार वाक्यं होतील एवढी आमची भाषा. मी हात मारून पोहण्याची खूण करून दाखवली. तिला वाटलं, मी पीठ मळायचं काहीतरी विचारतेय. तिनं परात आणून दिली. शेवटी हसू आवरल्यावर तिला कळलं, तेव्हा तिचे डोळे चमकले. तिला पोहता येत नव्हतं, पण गावाबाहेरच्या एका बागायतदारीण बाईशी तिची ओळख होती. त्या बाईंच्या मळ्यात चांगली विहीर होती. दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी तिथं जायला लागलो आणि मी तिला भोपळा बांधून शिकवायला लागले. सासूबाई मुलीला घेऊन काठावर बसायच्या आणि सुरुवातीला दर दोन मिनिटांनी "हायेस नव्हं?" विचारायच्या. मी मधूनच पाण्याखाली दडून त्यांना चिडवत असे. एकदा त्यांनी वरून चप्पल फेकून मारली.

पुढच्या वर्षी श्रावणात ते काळं पाणी पुन्हा आलं. सकाळी हे शाळेची तयारी करत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि हात कमरेला लावला. वन्संची ही खूण मी यांनाही सांगून ठेवली होती. त्यांनी विचारलं, "आजच, का कालपासून?" म्हटलं, परवापासून. ते म्हणाले, "मग आधी काही खाऊन घे." शेजारीण संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. वन्सं पुढच्या गाडीनं हजर झाल्या. त्या खेपेला ते गळ्यापर्यंत चढलंच नाही. पुढंही ते अधूनमधून येत राहिलं. कधी वर्षानं, कधी तीन वर्षांनी. मी कधी त्याला एकटी सामोरी गेले नाही.

आणि गुरुवार सुटले नाहीत. हळूहळू आळीतल्या आणखी बायका यायला लागल्या. कुणी नुसती पाय सोडून बसे, कुणी भोपळा बांधून घेई. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही यांची गाठोडी काठावर सुटत. माझ्या शेजारणीला हात मारताना मोठ्यानं मोजायची सवय होती, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू," आणि तिच्यामागून आम्ही सगळ्या, मराठी, कानडी, जिची जी भाषा असेल ती सोडून, तेलुगूत मोजत पलीकडच्या काठाला जायचो.