मावसांचा उन्हाचा वर्ग

मावसांचा वर्ग बंद झाला तो सोमवार होता. धुळ्याहून ते दुपारच्या एसटीने दोंडाईच्याला परतले आणि पुन्हा धुळ्याला गेले नाहीत.

उन्हावर माया करणारा माणूस खानदेशात एकच झाला, तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. मे महिन्यात सगळं गाव दारं-खिडक्या लावून ओल्या पडद्यांआड पडलेलं असे, तेव्हा मावसा डोक्याला उपरणं गुंडाळून गच्चीवर बसत. शेजारी त्यांची सूर्यचूल: आतून काळी पत्र्याची पेटी, वर काच, काचेवर तिरका आरसा. सूर्य सरकला की हे आरसा सरकवत. "नाशिकवाल्यांना देवानं द्राक्षं दिली, आपल्याला ऊन दिलं. ते द्राक्षं विकतात आणि आपण दारं लावून घेतो!" असं ते जिना चढून आलेल्या प्रत्येकाला ऐकवत, त्याआधी त्याची सावली पेटीवर पडत नाही ना, हे पाहत. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना आरशाची आठवण झाली आणि ते मुठीत अक्षता घेऊन गच्चीवर पळाले. परत येईपर्यंत माळा घालून झाल्या होत्या. मावसांनी अक्षता तरीही टाकल्या, आणि त्या भटजींच्या चहाच्या कपात पडल्या.

धुळ्याला सरकारी योजनेतून त्यांचा वर्ग चाले. तरुणांनी सूर्यचुली बनवायला आणि दुरुस्त करायला शिकावं आणि त्यावरच पोट भरावं, अशी ती योजना. योजनेचं बाकी कुणाला फारसं काही वाटत नसे, पण मावसांना ती शब्दशः खरी वाटे. आपला एक तरी विद्यार्थी उन्हावर संसार चालवेल, एवढीच त्यांची इच्छा होती. पहिला धडा ते वर्गात घेत नसत. भर दुपारी मुलांना स्टँडवर उभ्या असलेल्या रिकाम्या एसटीत बसवून काचा लावून घेत. घामाघूम झालेली मुलं बाहेर पडली की विचारत, "काय समजलं?"

"सर, जीव चालला होता," असं एकदा रशीद म्हणाला. दोंडाईच्यात पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्यांच्या घरातला हा मुलगा.

"बरोबर! काचेतून ऊन आत येतं, आतली धग बाहेर जात नाही. आता तू पेटीतला तांदूळ झालास."

मग योजनेच्या ऑफिसातून निरोप आला की चुलींना गिऱ्हाईक मिळालं तरच पुढचा वर्ग निघेल. मावसांनी शिंदखेड्याजवळच्या एका गावात, देवळाच्या पटांगणात, मुलांनी बनवलेल्या चुली मांडायचं ठरवलं. मावशी म्हणाली, "वरण-भात ठेवा. छान होतो."

"वरणानं कधी कुणाचं मन वळलंय का? खानदेशी माणूस भरताला वळतो. भरीतच करणार!"

मावशीने कपाळाला हात लावला. आमच्याकडे वांगं भाजतात ते कपाशीच्या काड्यांवर. सालीवर जाळ चढतो, धूर आत मुरतो, आणि भरीत म्हणजे मुख्यतः तो धूरच. मावसा हे सगळं जाणत होते. पण प्रेमात पडलेल्या माणसाला समोरच्यात काही उणं दिसत नाही.

दुपारी सगळं गाव जमलं. पेट्या उघडल्या तेव्हा वांगी निघाली मऊ, फिकट, घामेजलेली. मुलांनी ती ठेचली, मिरच्या आणि लसूण घातला, वर कच्चं तेल सोडलं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या अक्कांनी घास घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाल्या, "मास्तर, हाई दवाखानानं भरीत शे."

सगळं पटांगण हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "धूर नही ते भरीत कसानं?" मावसाही हसले. आपल्या पानातलं भरीत त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं. त्या दिवशी एकाही चुलीला गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि पुढच्या सोमवारी वर्ग बंद झाला.

पुढे मुलं एकेक करून सुरतेला गेली. मावसा प्रत्येकाला पोचवायला दोंडाईच्याच्या स्टेशनवर जात आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहून काच कशी पुसावी, आरसा किती तिरका धरावा, हे सांगत राहत. मुलं मान डोलवत. दिवाळीला ती गावी आली की मावसा विचारत, "काम काय करतोस?" कुणी लूमवर असे, कुणी हिरे घासत असे. "चांगलं आहे," मावसा म्हणत, आणि बोलणं तिथेच संपे.

रशीद मात्र गावातच राहिला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी मावसांनी मला त्याच्या दुकानात नेलं. तो धान्याच्या कोठीला पत्रा ठोकत होता. मावसांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

"खोटं नाही बोलणार, सर," तो म्हणाला. "पोट कोठ्या-पेट्यांवर चालतं. चूल कुणी मागितली तर बनवतो."

"मागतं का कुणी?"

"एखादा मागतो. मागच्या उन्हाळ्यात शाळेतल्या बाईंनी नेली."

"काच घट्ट बसवलीस ना?"

"तुमच्यासमोर बसवायची तर भीती वाटली असती. एकटा होतो, म्हणून नीट बसली."

मावसा खूप हसले. मग एका कोठीला टेकून संध्याकाळपर्यंत त्याचं काम बघत बसले. मी दोनदा "चला" म्हटलं, पण ते उठले नाहीत.

आता मावसा नाहीत. वर्ग जिथे भरायचा त्या खोलीत दुसरं ऑफिस आहे. दोंडाईच्यात रशीदचं दुकान आहे, आणि कुणी मागितली तर तो सूर्यचूल बनवून देतो.