गोधडीतली हार्ड डिस्क

जमिनीला आमच्या साडूंइतका जीव कुणी लावला नसेल आणि तिची इतकी धास्तीही कुणी घेतली नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार लातूर. भूकंपात गावाकडचं घर खाली आलं तेव्हापासून त्यांचा एकच नेम: डोक्यावर काही नको. छताला स्लॅब नाही, पत्रे. त्यामुळे उन्हाळ्यात त्यांच्याकडे मुक्काम म्हणजे तव्यावर झोपणं. घरात माळा नाही, फळी नाही. डबे, पेट्या, टीव्ही, सगळं भुईवर. पुढे शहरात क्लासेसचं पेव फुटलं आणि त्यांनी मागच्या दोन खोल्या शिकायला आलेल्या मुलींना दिल्या, त्याही याच अटीवर. मुखेडहून आलेल्या एका मुलीच्या आईनं विचारलं, "मग पुस्तकं कुठं ठिवायची?" साडू म्हणाले, "खाली." "अवो, विद्येला पाय लागंल की." "पाय लागला तर नमस्कार करता येतंय बाई. डोक्यात पडली तर नमस्काराला माणूस उरत न्हाई." बाईंनी खोली घेतली.

अशा माणसाचा कॉम्प्युटरही सतरंजीवरच असणार. लेकीचा जुना लॅपटॉप जळाला तेव्हा दुकानदारानं तो भंगारात द्यायला सांगितलं. साडूंनी त्यातली हार्ड डिस्क मात्र काढून घेतली, कारण तिच्यात त्यांचं गाव होतं. भूकंपाच्या रात्री त्यांचे वडील शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी उघड्यावर झोपले होते म्हणून वाचले, आणि साडू नोकरीपायी लातुरात. गणपती बोळवून आलेली बाकीची माणसं, आई, भाऊ, भावजय, घरात एका छपराखाली निजली होती. त्यातलं कुणी उठलं नाही. गाव पुढे दुसरीकडे वसलं. म्हातारपणी वडिलांना, म्हणजे अण्णांना, लॅपटॉपसमोर बसवून साडूंनी जुनं गाव त्यांच्या तोंडून बोळाबोळानं रेकॉर्ड करून घेतलं. आता वडीलही नाहीत, आणि ते बोलणं त्या डिस्कशिवाय कुठेच नाही.

एक दिवस मला नांदेडला फोन आला. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो म्हणून अशा कामाला मीच. "पाहुणं, अण्णा बोलता बोलता मधीच थांबून राहिलेत. लवकर या." आवाज असा की मी मिळेल ती बस धरली.

डिस्क त्यांनी स्वतःच डेस्कटॉपमध्ये जोडली होती. वायरी बरोबर, सगळं बरोबर. लॅपटॉपची डिस्क लहान, तिथली जागा मोठी, म्हणून ती हलायची. तिला हादरा बसू नये म्हणून साडूंनी गोधडीचा तुकडा चौफेर गुंडाळून तिला पक्की कोंबली होती, तान्ह्या लेकराला गुंडाळावं तशी. मी हात घातला तर चटकाच बसला.

"साडूभाऊ, ही शिजायला लागलीय."

"हादऱ्याला जपलं हो मी. उबेचं ध्यानातच आलं न्हाई," ते म्हणाले आणि खाली बसले. हसू येत होतं, पण हसवेना.

डिस्क पंख्यासमोर ठेवली. चहा आला, तो तसाच निवला. दुकानातून पत्र्याची लहान चौकट आणून डिस्क तीत स्क्रूनं बसवली. कॉम्प्युटर सुरू केला. मग स्पीकरमधून म्हातारा, खरखरीत आवाज आला: "ह्या बोळात शिरलं की पयलं घर आपलं. दारात लिंब हाय. तुझी माय तितंच बसती निवडत."

हाय. बसती. साडूंनी चष्मा काढला. मीही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मी निघताना त्यांनी दोन पेन ड्राइव्ह पुढे केले. "ह्याच्यावर भरून द्या. एक तुमच्याकडं नांदेडला राहू द्या. एक लेकीला देतो."

"अहो, आता डिस्कला काही होत नाही."

"नसंल होत," ते म्हणाले. "पण समदे एकाच घरात नको."

माझा पेन ड्राइव्ह नांदेडच्या घरी कपाटात आहे, सगळ्यात खालच्या कप्प्यात. वरचे कप्पे रिकामे असतात, तरी तिथे ठेवायला हात होत नाही.