डाव्या बाजूची सही

मी लहानपणापासून भांडखोर. आमच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, "त्या पोरीच्या तोंडाला लागू नये," आणि लगेच पुढे जोडायच्या, "बापाचं वळण, दुसरं काय!" यात खोटं काहीच नव्हतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. समुद्राच्या अंगाला आमची नारळ-सुपारीची वाडी होती, आणि कुंपणावरून, पाटाच्या पाण्यावरून, शेजाऱ्याच्या हद्दीत पडलेल्या नारळावरून अण्णांचा वर्षभर कोणाशी ना कोणाशी वाद चालू असायचा. घरात वाद घालायला त्यांना मी होते. पानावर बसलं की सुरू. नारळ मोठा की सुपारी, आगबोट बरी की बैलगाडी, दिवेआगरचा केवडा जास्त वासाचा की आमच्या गावचा. दिवेआगर हे आईचं माहेर, त्यामुळे त्या वादात तीसुद्धा उतरायची. एरवी ती भात वाढता वाढता म्हणायची, "आधी गिळा, मग भांडा."

गावात मॅट्रिकपर्यंतची सात इयत्तांची इंग्रजी शाळा होती, तिथे मुलांच्या बरोबर आम्ही दोघी मुली. पाचवी इंग्रजीत असताना दुसरीचं लग्न झालं आणि दाराजवळच्या बाकावर मी एकटी उरले. मला त्याचं काही वाटलं नाही. बाक सगळा आपला झाला, ऐसपैस बसता आलं.

सहावीत आम्हाला इंग्रजीला नवे मास्तर आले. किडकिडीत, बोलायला मऊ, आणि पानाची अतोनात आवड. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की यंदा आपण आपलं म्हणणं पटवून द्यायला शिकायचं. मी मनात म्हटलं, यात शिकायचं काय? मला तर हे पाळण्यातच येत होतं.

निबंधाचा विषय होता, आपल्या किनाऱ्यावर रेल्वे यावी की नाही. मी 'यावी' या बाजूची. दोन पानं भरून लिहिलं. आमचं इंग्रजी तेव्हा यथातथाच, पण जोर दांडगा. रेल्वे वेगवान आहे, रेल्वे आधुनिक आहे, रेल्वेला विरोध करणारे गलबतवाले स्वार्थी आहेत. मास्तरांनी प्रत्येक वाक्यासमोर लाल शाईने एकच प्रश्न लिहिला होता, "कशावरून?" समासात जागा पुरली नाही तेव्हा त्यांनी मागच्या पानावरही लिहिला. मी वही आपटली. मास्तर शांतपणे म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याला, याला मत म्हणत नाहीत."

मग त्यांनी आपली रीत सांगितली. कागद उभा दुमडायचा. डाव्या बाजूला विरुद्ध पक्षाचं म्हणणं लिहायचं, तेही असं की विरुद्ध पक्षाने ते वाचून म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. नुसतं म्हणून भागायचं नाही, त्याने खाली सही करायची. सही मिळाली की मग उजव्या बाजूला आपलं उत्तर. सही नाही तोवर उजव्या बाजूला शाईचा ठिपका पडता कामा नये.

वर्गात गलबतवाल्या मुसलमान घरातला एक मुलगा होता. त्याच्या वडिलांची गलबतं मुंबईला कौलं, सुपारी आणि लाकूडफाटा घेऊन जात. रेल्वे नको, ही बाजू त्याची. मी डाव्या बाजूला लिहिलं की गलबतवाल्यांना आपला धंदा बुडायची भीती वाटते, म्हणून ते विरोध करतात. मधल्या सुट्टीत कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि परत दिला.

"सही न्हाय करनार."

"का? खोटं आहे?"

"खोटा न्हाय, पन अर्धा हाय. पावसाळ्यात गलबता वर खेचून ठेवतात. तवा खलाशांच्या घरात चूल कोन पेटवतो? आमचा बाबा. रेल्वे काय पावसाळ्यात कोनाला भात घालनार हाय?"

हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे शाकारून ठेवलेली गलबतं दर पावसाळ्यात दिसत होती, पण त्यांच्यावरची माणसं तेव्हा काय खातात हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी ते लिहिलं, त्याने ऐटीत सही केली, आणि मी उजव्या बाजूकडे वळले तर माझी दोन पानांची रेल्वे सात-आठ ओळींत येऊन थांबली. मास्तरांनी तो कागद वाचून पानाचा विडा गालात सरकवला आणि म्हणाले, "आत्ता कुठे वाद सुरू झाला." मला अतिशय आनंद झाला. तोंड बंद पडल्याचा आनंद होऊ शकतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली ती मला लगेच ओळखीची वाटली. ते म्हणाले, चाललं आहे ते बदलायचं असेल तर कारण बदलणाऱ्याने द्यायचं. चालू ठेवणारा नुसता गप्प बसला तरी चालतं. म्हणून वादात प्रश्न कसा मांडला आहे ते आधी बघा. मी घरी येऊन आईला म्हटलं, "अगो आई, हे तर अण्णांचं कौलाचं!"

ते असं होतं. अण्णा कुठलीही मोठी गोष्ट ग्रामदेवीला कौल लावल्याशिवाय करत नसत. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि पुष्कळदा व्हायचं असं की दोन्ही चिकटून राहायच्या. तसं झालं की देवी काही सांगत नाही असं धरायचं आणि जसं आहे तसं चालू ठेवायचं. आता अण्णांना बैल विकायचा नसला, की ते विचारत, "बैल विकू का?" पाकळ्या चिकटल्या की बैल दावणीलाच. आणि विकायचा असला की गिऱ्हाइकाला शब्द देऊन येत आणि विचारत, "दिला शब्द मोडू का?" आई हसून म्हणायची, "देवीला विचारायला जातात, पण उत्तर आधीच उपरण्याच्या गाठीला बांधलेलं असतं."

सहावीची परीक्षा झाली आणि म्हसळ्याहून मला स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शिकलेला, तक्रारीला जागा नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की लग्न याच वैशाखात व्हावं आणि मुलीने पुढे शिकू नये. सातवीचं वर्ष म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. ते हातातोंडाशी आलेलं असताना शाळा सोडायची हे मला पटेना. मी अण्णांपुढे जाऊन तोंडाला येईल ते बोलले. ते माझ्या वरचढ बोलले. आळीने ऐकलं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि जेवताना इतकी शांतता, की आईच कंटाळून म्हणाली, "भांडा गो बाई एकदा, घास उतरत नाही."

तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "उद्या देवीला विचारतो, हिला पुढे शिकवू का म्हणून."

प्रश्न ऐकूनच कळलं. शिकवू का, असं विचारलं आणि पाकळ्या चिकटल्या, तर झालं, शाळा संपली.

मी माजघरात जाऊन बसले. रडायचं ठरवलं होतं, पण हात आपोआप कागदाकडे गेला. कागद उभा दुमडला आणि डाव्या बाजूला अण्णांचं म्हणणं लिहायला घेतलं, मराठीत, कारण अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. एक, असं स्थळ पुन्हा चालून येईलच असं नाही. दोन, मुलांच्यात एकटी मुलगी बसते यावरून लोक बोलतात, आणि ते बोलणं मुलीला नाही, आईबापांना ऐकावं लागतं. तीन, मॅट्रिक होऊन या गावात मुलीला त्याचा उपयोग काय. लिहिताना मला वाईट वाटलं ते याचं, की यातलं एकही म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. उजव्या बाजूला जागा सोडून मी तो कागद ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या अण्णांपुढे नेऊन ठेवला.

"हे काय?"

"तुमची बाजू. बरोबर असेल तर खाली सही करा. मग मी माझी लिहीन."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मामलतदाराच्या कचेरीतले कागद वाचायचे तसं, बोट ओळीखाली धरून. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "चौथं राहिलं."

"चौथं काय?"

ते वाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिही. ही मॅट्रिक झाली की या गावात राहायची नाही. म्हसळं काय, गाडी जुंपली की पोचलो. मुंबईला गेलीस की मग मी भांडू कोणाशी?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. तसंच्या तसं लिहिलं. अण्णांनी लेखणी घेतली आणि खाली आपली संपूर्ण सही केली, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं.

मग मी उजवी बाजू लिहिली. पहिल्याला उत्तर दिलं. दुसऱ्याला दिलं, त्यात आमच्या आळीतल्या बायकांचा जरा जास्तच समाचार घेतला गेला. तिसऱ्याला लिहिलं की गावात मुलींना शिकवायला बाई नाही, आणि मॅट्रिक कोणी झाल्याशिवाय ती येणार कुठून? चौथ्यापाशी मात्र हात थांबला. 'मी गाव सोडणार नाही' असं लिहिलं असतं तर ते तिथल्या तिथे जिंकण्याजोगं होतं. पण कशावरून? मला खरंच मुंबई बघायची होती. लाल शाई नसतानाही तो प्रश्न मला समासात दिसला. मी ती जागा कोरी ठेवली आणि कागद त्यांच्याजवळ दिला.

संध्याकाळी मागच्या पडवीत अण्णा आईला सांगत होते ते मी ऐकलं. "उत्तर नव्हतं म्हणून कोरं ठेवलंन. थाप मारलीन नाही." त्यांच्या आवाजावरून ते खूश आहेत की दुखावले आहेत हे मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. गुरवाने देवीला पाणी घातलं, पाकळ्या लावल्या आणि हात जोडून विचारलं, "बोला अन्ना, काय इचारू?"

अण्णांनी उपरणं सारखं केलं. खाकरले. मी डोळे मिटून घेतले होते. कानावर आलं ते हे: "हिची शाळा चालू आहे ती थांबवू का, असं विचार."

मी डोळे उघडून आईकडे बघितलं. आई देवीकडे बघत होती, पण तिला हसू आवरत नव्हतं.

गुरवाने प्रश्न विचारला. आम्ही थांबलो. समईची वात एकदा पुढे करून झाली. पाकळ्या आपल्या जागी, दोन्ही. उजवी जराशी ओघळल्यासारखी वाटली तेव्हा मी पुढे वाकून बघितलं, पण ते नुसतं पाणी होतं. शेवटी गुरव म्हणाला, "देवी काय बोलत न्हाय, अन्ना. जसा चाललाय तसा चालू द्या."

"तर मग तसंच," अण्णा म्हणाले, आणि जणू आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने चपला घालून पुढे चालू लागले. म्हसळ्याला निरोप गेला की देवीने कौल दिला नाही. त्यांना राग आला नाही, कोणाचाही अपमान झाला नाही. अण्णा वादात हरले असं गावात कोणी म्हणू शकलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही. मास्तरांना मी ही सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते पान चघळायचे थांबले. "कोरं ठेवलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी लगेच मला पुढच्या निबंधाचा विषय दिला.

मी मॅट्रिक झाले. पुढे शिकवायचं काम मिळालं ते मुंबईत, आणि गावात मुलींसाठी बाई व्हायचं राहूनच गेलं. अण्णांचं चौथं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. गावाला यायचे ते सुट्टीपुरतीच. त्याबद्दल मुंबईतल्या खोलीत कधी कधी जीव कासावीस व्हायचा, हे खरं.

मे महिन्यात आगबोट दिघीला लागायची. बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरून वाळूवर पाय ठेवला की अण्णा गाडी जुंपून उभे दिसायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की ते विचारतील, कशी आहेस, वाळलीस किती. त्यांनी माझी ट्रंक गाडीत ठेवली, बैलांना हाकारलं, आणि दिघीची घरं मागे पडायच्या आत म्हणाले, "यंदा वाडीत नारळ काढून सगळी सुपारीच लावावी म्हणतो."

"काहीतरीच काय, अण्णा! वादळात सुपारी—"

"थांब, थांब." त्यांनी कासरा ओढून गाडी उभी केली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. आनंदाने त्यांचा सगळा चेहरा फुलला होता. "आधी माझं म्हणणं काय ते सांग. मग तुझं."